पाणी ऐकणाऱ्या ताई

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात तक्रार खिडकीमागे ज्या बाई बसत, त्यांना समोर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे नळताई. हे दुसरं नाव आपल्याला ठाऊकच नाही असं त्या एकोणीस वर्षं दाखवत आल्या होत्या. खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. एक टेबल, एक फोन, लाथ मारल्याशिवाय न उघडणारं एक कपाट आणि कोपऱ्यात एक बेसिन. बेसिनच्या नळाला पाणी येत नसे. पाणीपुरवठा विभागाने त्याबद्दल पाणीपुरवठा विभागाकडे रीतसर तक्रार केलेली होती. ती ताईंनीच लिहिली, ताईंनीच नोंदवून घेतली, आणि ती अजून मिटलेली नव्हती.

कारण तक्रार मिटवण्याची ताईंची एक पद्धत होती. फिटरने येऊन 'काम झालं' म्हटलं की दुसरीकडे तक्रार मिटते. ताईंकडे मिटत नसे. त्या तक्रार करणाऱ्याला फोन लावत आणि म्हणत, "नळ सोडा आणि फोन नळापाशी धरा. शेजारी धरा, खाली नको." हे शेवटचं वाक्य अनुभवातून आलेलं होतं. पहिल्याच महिन्यात दोन फोन भिजले होते, आणि त्यांची तक्रार कुठल्या विभागात नोंदवायची यावर वरच्या मजल्यावर बराच खल झाला होता. तर, फोन नळापाशी गेला की ताई डोळे मिटून ऐकत. पाणी ऐकू आलं तर तक्रार मिटली. नाही आलं तर फिटर परत.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं, तर एका म्हाताऱ्या गृहस्थांमुळे. त्यांच्या घरी पाणी नव्हतं आणि वहीत 'काम झालं' लिहिलेलं होतं. फिटरने ते चहाच्या टपरीवर बसून लिहिलं होतं. गृहस्थ आठ दिवस खिडकीशी येऊन भांडले. नवव्या दिवशी आले आणि भांडले नाहीत. नुसते उभे राहिले, वही बघितली आणि म्हणाले, "तुमच्या वहीत आलं असेल तर आलं असेल." त्या दिवशी ताईंना डबा गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या पाणी स्वतः ऐकू लागल्या.

आणि कान तरी कसा! धार बारीक की भरदार, नळात हवा आहे का, पाणी थेट लाईनचं की गच्चीवरच्या टाकीचं, सगळं त्या खुर्चीत बसून सांगत. एकदा एका फिटरने शक्कल लढवली. नळ कोरडा असताना त्याने घरातल्या तांब्यातून बादलीत पाण्याची धार धरली आणि घरमालकाला फोन शेजारी धरायला लावला. ताईंनी पाच सेकंद ऐकलं आणि म्हणाल्या, "तांब्या खाली ठेव आणि पाना हातात घे." त्यानंतर सगळे फिटर त्यांना टरकून राहू लागले.

नगरपालिकेचा संगणक विभाग म्हणजे एकच माणूस होता. चाळिशीचा, टक्कल पडलेला, कमी बोलणारा. त्याला प्रोग्रामर म्हणत आणि बहुतेक वेळा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायला बोलावत. साहेबांनी, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी, त्याला एकदा सांगितलं की पाण्याच्या तक्रारींचं काहीतरी संगणकावर करा. माणूस शहाणा होता. त्याने काहीच केलं नाही. ताईंच्या शेजारी खुर्ची टाकली आणि सात महिने बघत बसला. हे असं का, ते तसं का, हे विचारून विचारून त्याने ताईंचं डोकं खाल्लं. ताईंनीही कुरकुरत का होईना, सगळं सांगितलं. कुठला फिटर सकाळी जागेवर असतो, कुठल्या चढावर पाणी शेवटी पोचतं, कुणाला दोनदा फोन करावा लागतो. त्यातून जे सॉफ्टवेअर निघालं त्याचं नाव 'निर्झर' पडलं. नाव ठरवायला पाच जणांच्या समितीला तीन बैठका लागल्या. सॉफ्टवेअरसाठी एकही बैठक लागली नव्हती.

निर्झरच्या पडद्यावर सगळ्यात शेवटी एक ओळ होती: 'पाणी ऐकलं?' आणि तिच्यापुढे दोन बटणं, हो आणि नाही. हो दाबल्याशिवाय तक्रार मिटतच नसे, अगदी साहेबांनी सांगितलं तरी. साहेबांनी एकदा सांगूनही बघितलं होतं.

सॉफ्टवेअर चाललं. तक्रारी उरकू लागल्या, खिडकीवरची भांडणं कमी झाली, आजूबाजूच्या गावांतले अधिकारी बघायला येऊ लागले. ताई त्यांच्यासमोर फोन लावून दाखवत आणि पाहुणे मान डोलावून चहा पीत. तिसऱ्या वर्षी कॉल रेकॉर्ड होण्याची सोयही त्यात आली. सगळं कसं आलबेल होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी नगरपालिकेत कुणालाही माहीत नव्हती. ताईंना पाणी ऐकू येईनासं झालं होतं.

एकदम झालं नाही. माणसांचं बोलणं कळत होतं, दार वाजलेलं कळत होतं. पण बारीक, सळसळते आवाज एकेक करून निघून गेले, आणि नळाचं पाणी त्यात गेलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं फोन बिघडला. फोन बदलून घेतला. मग वाटलं लाईन खराब आहे. लाईनवाला येऊन गेला आणि म्हणाला, इतकी साफ लाईन अख्ख्या इमारतीत नाही. त्यानंतर ताईंनी कुणाला बोलावलं नाही. त्या पूर्वीसारखंच म्हणत राहिल्या, "नळ सोडा, फोन शेजारी धरा." पूर्वीसारखेच डोळे मिटत राहिल्या. मात्र थोडं थांबून आता विचारू लागल्या, "आलं का?" पलीकडून "आलं" असं म्हटलं की त्या हो दाबत.

वर्षाहून जास्त असं चाललं होतं. सांगावं असं त्यांना रोज वाटे आणि रोज जीभ अडखळे. खिडकी गेली तर कुठे टाकतील हे त्यांना पक्कं ठाऊक होतं: दप्तरखान्यात, जिथे फोन नाही, माणूस नाही, नुसते बांधलेले गठ्ठे. आणि खरं सांगायचं तर दप्तरखान्याची भीती तेवढी नव्हती. गावभर या बाईंची ओळख एकच होती, की यांना पाणी ऐकू येतं. ते येत नाही म्हटल्यावर उरतं काय?

अशात साहेबांना कल्पना सुचली.

साहेब एका बैठकीला जाऊन आले होते आणि तिथे त्यांनी ऐकलं होतं की इतर नगरपालिका असली सॉफ्टवेअरं कंपन्यांकडून विकत घेतात. "आपण जन्मभर घेतच आलो," साहेब म्हणाले. "आता विकू." आजवर नगरपालिकेने निविदांचे अर्ज आणि मोडीत काढलेल्या खुर्च्या यांपलीकडे काही विकलेलं नव्हतं, त्यामुळे विकायचं कसं हे कुणालाच कळेना. तेव्हा एक यंत्रवाले पुढे आले. हे गृहस्थ दवाखान्यांत नंबर पुकारणारी यंत्रं आणि भाजीवाल्यांचे वजनकाटे बनवत. ते म्हणाले, सॉफ्टवेअर तुमचं, यंत्र आमचं, दोन्ही मिळून एका पेटीत घालू आणि पेटी विकू.

"पण त्यात एक अडचण आहे," यंत्रवाले म्हणाले. "ती शेवटची ओळ. पाणी ऐकलं? ते ऐकायला प्रत्येक गावात ताई कुठून आणायच्या?"

साहेबांनी प्रोग्रामरकडे बघितलं. प्रोग्रामर म्हणाला, वर्षभराचे कॉल रेकॉर्ड झालेले आहेत आणि प्रत्येक कॉलपुढे ताईंनी काय दाबलं तेही आहे. पेटीला ते सगळे कॉल ऐकवायचे आणि ताईंची उत्तरं सांगायची. ऐकून ऐकून पेटी शिकेल.

यंत्रवाल्यांनी टेबलावर थाप मारली. चार महिन्यांत पेटी तयार झाली. तांदळाच्या डब्याएवढी, करड्या रंगाची, पुढे दोन दिवे: हिरवा म्हणजे पाणी आलं, लाल म्हणजे नाही. माहितीपत्रक छापलं गेलं. त्यावर फोन कानाशी धरून डोळे मिटलेल्या ताईंचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'एकोणीस वर्षांचा कान, आता आपल्या कार्यालयात.' फोटो काढणाऱ्याने त्यांना, पाणी ऐकताना दिसतो तसा चेहरा करा, असं सांगितलं होतं. तो चेहरा करण्यात ताई एव्हाना तरबेज झाल्या होत्या.

नऊ गावांचे अधिकारी प्रात्यक्षिक बघायला यायचे होते. त्याआधी आठवडाभर पेटी ताईंच्या टेबलावर ठेवली, फोनला जोडून. कॉल लागला की ताईही ऐकणार आणि पेटीही. ताईंचं बटण एकीकडे, पेटीचा दिवा दुसरीकडे, आणि प्रोग्रामर मध्ये वही घेऊन. तिसऱ्या दिवशी तो लहान मुलासारखा खूश झाला होता. एरवी महिनाभरात बोलला नसता तेवढं एका दमात बोलला.

"ताई, शंभरातले सत्त्याण्णव जुळतात! तुम्ही हो म्हटलं की ती हो म्हणते. तुम्ही नाही म्हटलं की ती नाही. अगदी तुमच्यासारखं ऐकते हो!"

ताई हसल्या, पण त्यांचं लक्ष दिव्याकडे होतं. त्यांना काहीतरी खटकत होतं. हिरवा दिवा लागण्याची वेळ त्यांच्या ओळखीची होती. नळ सोडायला सांगितल्यावर तो लागत नव्हता, थोडं थांबल्यावरही नाही. पलीकडचा माणूस "आलं" म्हणाला की लागत होता. त्याच क्षणी त्यांचं बोट बटणावर जात होतं.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर त्यांनी दार लोटलं, आपल्या मोबाइलवरून टेबलावरचा फोन लावला, तो उचलून ठेवला आणि मोबाइलमध्ये हलकेच म्हणाल्या, "आलं."

हिरवा दिवा लागला.

चाळीस फुटांत वाहतं पाणी नव्हतं. बेसिनचा नळ तर कैक वर्षं कोरडाच. ताईंनी पुन्हा म्हटलं, "आलं." पुन्हा हिरवा. मग त्यांनी टेबलावरची बाटली घेतली आणि मोबाइलशेजारी पेल्यात पाणी ओतलं, उंचावरून, जोरात, तोंडाने काही न बोलता. लाल.

त्या खुर्चीवर बसल्या. पेटी पाणी ऐकायला शिकलीच नव्हती. ताई जे करत होत्या, तेच ती शिकली होती. अख्ख्या इमारतीत जे कुणी पकडलं नाही, ते त्या डब्याने चार महिन्यांत पकडलं होतं आणि तसंच्या तसं गिरवलं होतं. आता त्या डब्याचे नऊ जुळे नऊ गावांत जाणार होते.

त्याच दुपारी त्या धीर करून साहेबांच्या दालनात गेल्या. तिथे साहेब आणि यंत्रवाले, पेटीवर नगरपालिकेचं चिन्ह डावीकडे असावं की उजवीकडे, यावर बोलत होते.

"साहेब, पेटीबद्दल जरा सांगायचं होतं."

"ताई, बोला ना! तुमचीच पेटी."

"तेच. ती माझ्यासारखी ऐकते, तेच सांगायचं होतं."

"ऐकलंत?" साहेब यंत्रवाल्यांना म्हणाले. "हे वाक्य माहितीपत्रकावर हवं होतं."

"तसं नाही साहेब. माझंच ऐकणं आता पूर्वीचं राहिलं नाही."

"हा तुमचा विनय," साहेब म्हणाले, आणि उभे राहून त्यांनी ताईंना नमस्कार केला. यंत्रवाल्यांनीही केला. एकदा दोघांनी नमस्कार केल्यावर पुढे काय बोलायचं हे ताईंना सुचेना. त्या नमस्कार करून बाहेर आल्या. स्वतःचा इतका राग त्यांना कधीच आला नव्हता.

ताईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं टेबल, डोळ्याला भिंग आणि भिंतीवर निरनिराळ्या वेळा दाखवणारी गिऱ्हाइकांची घड्याळं. माणूस गप्प बसायचा आणि बोलला तर घड्याळाबद्दल बोलायचा. ताईंनी चपला काढल्या आणि तिथेच दारात म्हणाल्या, "अहो, मला पाणी ऐकू येत नाही."

यजमानांनी भिंग काढलं नाही. "माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तू कुकर लावून अंघोळीला जायचीस आणि आतूनच शिट्ट्या मोजायचीस. गेल्या वर्षी दोनदा करपला. तेव्हापासून मीच मोजतो."

ताईंना एकदम सगळं लख्ख दिसलं. रोज सकाळी ते पुढच्या खोलीतून ओरडायचे, 'तीन झाल्या गं!' आणि त्या गॅस बंद करायच्या. म्हातारपणी या माणसाला स्वयंपाकात भलताच रस आलाय, असं त्या शेजारणीला चेष्टेने सांगायच्याही. त्यांना रडू कोसळलं. यजमानांनी उठून पाणी आणून दिलं आणि परत जागेवर जाऊन बसले.

"बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस म्हणून." त्यांनी चिमट्याने एक बारीक चाक उचललं. "बंद पडलेलं घड्याळ लोक लगेच आणून देतात गं. मागे पडणारं आणत नाहीत. रोज सकाळी काटा पुढे करतात आणि मिरवतात. वर्षवर्ष चालतं असं. मग एक दिवस गाडी चुकते."

"माझी चुकली तर चालेल हो," ताई नाक पुसत म्हणाल्या. "इथे नऊ गावांची चुकणार आहे."

"मग सांग."

"सांगितलं. त्यांनी नमस्कार केला."

यजमानांनी आता भिंग काढलं. "मग दाखव," ते म्हणाले.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सभागृहात नऊ गावांचे अठरा अधिकारी होते, नऊ पेट्या होत्या, आणि प्रत्येक पेटीवर एक मखमली कापड होतं. यंत्रवाल्यांनी ते वजनकाट्यांच्या प्रदर्शनातून आणलं होतं. मंचावर फोन, त्याला जोडलेली दहावी पेटी आणि दोन मोठे स्पीकर. ताईंना पेटीशेजारी बसवलं होतं, माहितीपत्रकावरचा चेहरा पेटीशेजारी दिसावा म्हणून. प्रोग्रामर नवा शर्ट घालून भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडे बघायला ताईंना होईना.

कॉल कुठे लावायचा हे साहेबांनी आधीच ठरवलं होतं. गावात पाण्याची सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे त्यांचा स्वतःचा बंगला. साहेबांच्या बायकोने फोन उचलला. यंत्रवाल्यांनी त्यांना नळ सोडायला सांगितलं. स्पीकरमधून म्हणे पाण्याचा आवाज सभागृहभर घुमला. ताईंना तो अर्थातच कळला नाही. मग वहिनी म्हणाल्या, "आलं," आणि हिरवा दिवा लागला. टाळ्या पडल्या. साहेब करारावर सह्या करायला पेन शोधू लागले.

ताई उठल्या. त्यांनी यंत्रवाल्यांच्या हातून फोन घेतला, आणि ते हसतमुखाने बाजूला झाले, कारण त्यांना वाटलं ताई आभार मानणार.

"वहिनी, मी तक्रार खिडकीवरची ताई. आता नळ बंद करा. अगदी घट्ट. केला? आता नुसतं म्हणा, 'आलं.'"

"बंद करून म्हणू?"

"म्हणा."

"आलं," वहिनी म्हणाल्या. हिरवा.

सभागृहात कुणीतरी हसलं. यंत्रवाले म्हणाले, वायर ढिली असेल. ताई म्हणाल्या, "वहिनी, आता नळ पूर्ण सोडा आणि एक अक्षर बोलू नका." स्पीकर धो धो वाजला असावा, कारण पहिल्या रांगेतल्या अधिकाऱ्याने कानावर हात ठेवले. दिवा लाल. पाणी इतकं की शेवटी वहिनींनाच राहवलं नाही. "अहो, बादली भरून वाहायला लागली, बंद करू का?" त्यांनी विचारलं.

"वायर चांगली आहे," ताई म्हणाल्या. "पेटीचीही काही चूक नाही. ती माझ्याकडून शिकली. मला दीड वर्ष पाणी ऐकू येत नाही. लोक 'आलं' म्हणतात आणि मी हो दाबते. तीही तेच करते. प्रोग्रामरचं सॉफ्टवेअर चांगलं आहे. ते घ्यायचं तर घ्या. पण त्याच्याशेजारी ऐकू येणारा माणूस बसवा. हा डबा घेऊ नका. आणि मला इथून हलवा. हे मी आधीच सांगायला हवं होतं. मी घाबरले."

एवढं बोलून त्या बसल्या. साहेबांनी सापडलेलं पेन परत खिशात ठेवलं. स्पीकरमधून वहिनी अजून विचारत होत्या, बंद करू का.

पुढचं पटकन सांगण्यासारखं आहे. करार झाला नाही. सात गावांचे अधिकारी जेवून गेले. दोन गावांनी पेटीशिवाय नुसतं निर्झर मागितलं. यंत्रवाल्यांनी मखमली कापडं मोजून परत नेली. साहेब तीन दिवस बोलले नाहीत आणि चौथ्या दिवशी दप्तरखान्यात बदलीचा आदेश आला. त्यात 'प्रशासकीय कारणास्तव' असं लिहिलं होतं.

प्रोग्रामर जिन्यात भेटला. एवढी मेहनत पाण्यात गेलेल्या माणसाने ओरडावं अशी ताईंची अपेक्षा होती. तो ओरडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"मला तरी सांगायचं होतंत," तो म्हणाला. "सात महिने शेजारी बसलो होतो."

"तुझ्यासमोरच तर सांगवेना," ताई म्हणाल्या.

तो वर गेला. तासाभराने खाली आला तेव्हा त्याच्या हातात कागदांचा जाडजूड गठ्ठा होता. गेल्या दीड वर्षात ज्या ज्या तक्रारींपुढे ताईंनी हो दाबलं होतं, त्या सगळ्यांची यादी, पत्त्यासकट. सहाशे चौदा. ताईंनी ती मागितली नव्हती, पण मागायलाच निघाल्या होत्या. त्यांनी शिल्लक राहिलेली सगळी रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत यादी घेऊन निघाल्या.

पहिलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडणाऱ्या बाई शिवणकाम करणाऱ्या. गळ्यात टेप, ओठांत टाचणी. ताईंनी "मी नगरपालिकेतून" एवढं म्हटलं आणि बाईंचा चेहरा खुलला.

"ताई ना तुम्ही? आवाजावरून ओळखलं! या, या, आत या. काय म्हणता, आज प्रत्यक्ष?"

"पाणी येतं ना तुमच्याकडे?"

"येतं की. अगदी छान येतं."

"दाखवा."

बाई घोटाळल्या. आधी मशीनवरचं कापड आवरू का म्हणाल्या, मग चहा टाकते म्हणाल्या. ताई त्यांच्या बाजूने सरळ स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याखाली, दाराआड, खिडकीखाली, जिथे जागा होती तिथे भरलेल्या कळशा आणि डबे होते. ताईंनी नळ सोडला. त्यातून काहीच आलं नाही.

"खालून आणते," बाई हळूच म्हणाल्या. "होते सवय."

"सात महिने?"

"आठ झाले."

"मी फोन केला होता तुम्हाला. दोनदा केला. दोन्ही वेळा तुम्ही 'आलं' म्हणालात."

बाईंनी ओठांतली टाचणी काढून पदराला लावली. "काय सांगू ताई. तुम्ही इतक्या मायेनं विचारायच्या. दुसऱ्यांदा केलात ना, तेव्हा तर तुमच्याच आवाजात काळजी होती. इथे दिवसभर माझी विचारपूस करणारं कुणी नाही. म्हटलं, एवढं आपुलकीनं विचारतंय कुणीतरी, त्यांना नाही कसं म्हणायचं? वाईट वाटेल त्यांना."

ताईंनी ओट्याला हात टेकला. मग त्यांनी फिटरला फोन केला आणि पत्ता सांगितला.

फिटर आला, जिन्यातल्या पाइपाशी दोन तास खुडबुड केली, घामाघूम झाला. ताई बाहेरच्या खोलीत बसून होत्या. दुपार टळून गेली. शेवटी आतून बाईंनी मोठ्याने, आनंदाने हाक मारली, "आलं हो ताई, आलं!"

ताई उठून आत गेल्या आणि त्यांनी नळाखाली हात धरला. हात कोरडा होता. फिटर खिडकीबाहेर बघत होता आणि बाई अपराधी चेहऱ्याने ताईंकडे.

"दमलाय हो तो बिचारा," बाई म्हणाल्या. "आणि तुम्हालाही घरी जायला उशीर होतोय."

ताईंनी बाहेरची खुर्ची ओढत स्वयंपाकघरात आणली, नळाशेजारी ठेवली आणि तिच्यावर बसल्या. "तुम्ही तुमचं शिवण घ्या," त्या बाईंना म्हणाल्या, आणि फिटरला म्हणाल्या, "तू पाना घे." मग त्यांनी परत नळाखाली हात धरला आणि तो तसाच धरून बसल्या.